पुठ्ठ्याच्या तुकड्याचे मोल

न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागातील टॉप्स या च्युइंगम कंपनीच्या गोदामात १९६० साली जागेची टंचाई भासू लागली. १९५२च्या बेसबॉल कार्डांची शेकडो खोकी तेथे आठ वर्षे धूळ खात पडून होती. हंगाम संपत आल्यावर ती बाजारात आली आणि मुलांचे लक्ष तोवर फुटबॉलकडे वळले होते. जत्रांमध्ये ती मातीमोलाने विकण्याचाही प्रयत्न झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. अखेर कंपनीचा अधिकारी साय बर्गर याने सगळी खोकी एका तराफ्यावर लादली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिक महासागरात बुडवून टाकली. हीच कार्डे बर्गरने वुडी गेलमन या सहकाऱ्यासोबत आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर बसून आखली होती. बुडालेल्या मालिकेत न्यूयॉर्क यांकीज संघातील मिकी मँटल या तरुण खेळाडूचे ३११ क्रमांकाचे कार्ड होते. ऑगस्ट २०२२मध्ये त्याच कार्डाची एक निगुतीने जपलेली प्रत लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास १०० कोटी रुपयांना विकली गेली.

बेसबॉल कार्डांविषयी बोलणे निघाले की ही कथा हमखास सांगितली जाते. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात आणि हा छंद म्हणजे छुप्या धनाचा शोध आहे, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात अमेरिकेतील लाखो घरांत बुटांच्या खोक्यांतून जपून ठेवलेल्या कार्डांना रद्दीपेक्षा फारशी किंमत नाही. तरीही ती टाकून देण्यास मन धजत नाही. या मोहाचे मूळ शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतील सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून त्यांत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. तो कोराच का ठेवायचा, असा विचार करून तंबाखू कंपन्यांनी त्यावर नट्यांची, पक्ष्यांची, सेनानींची आणि बेसबॉलपटूंची चित्रे छापण्यास प्रारंभ केला. तुकड्याचे काम दुहेरी झाले. सिगारेट शाबूत राहू लागली आणि पुढचे चित्र मिळावे म्हणून गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येऊ लागले. आपल्याकडे १९८०च्या दशकात बिग फन च्युइंगमसोबत मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांसाठी ज्यांनी आईकडे पैशांचा हट्ट धरला असेल, त्यांना ही क्लृप्ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या तंबाखूयुगातील सर्वांत प्रसिद्ध कार्ड पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या होनस वॅग्नरचे. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात पाचशेहून अधिक कार्डांची जी मालिका काढली, तिच्यात ते होते. वॅग्नरने आपले चित्र छापण्यास हरकत घेतली आणि छपाई थांबली. लहान मुलांनी आपल्या चित्रापायी तंबाखू विकत घेऊ नये अशी त्याची भावना होती, असे एक मत. कंपनीने मोबदला दिला नाही म्हणून तो रागावला, असे दुसरे. वाद अद्याप मिटलेला नाही. आज या कार्डाच्या साठाच्या आसपास प्रती ज्ञात आहेत. वॅग्नर हा १९३६ साली बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवडल्या गेलेल्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी एक. पण सामान्य अमेरिकन माणूस त्याला ओळखतो तो मैदानावरील पराक्रमापेक्षा या न छापलेल्या चित्रामुळे.

पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली आणि छंद खऱ्या अर्थाने मुलांच्या हाती आला. त्यातील गोडी अपुरेपणात होती. पाकीट बंद असते. आत कोण निघेल ते ठाऊक नसते. नको असलेला खेळाडू चौथ्यांदा निघतो आणि हवा असलेला शेजारच्या मुलाकडे असतो. मग देवघेव सुरू होते, दोन साध्या खेळाडूंच्या बदल्यात एक नामवंत असे सौदे ठरतात. १९३३ साली गूडी या कंपनीने २४० कार्डांचा संच जाहीर केला, पण १०६ क्रमांकाचे कार्ड छापलेच नाही. मुले पाकिटांमागून पाकिटे फोडत राहिली. तक्रारीची पत्रे येऊ लागल्यावर कंपनीने दुसऱ्या वर्षी नेपोलियन लॅजॉय या केव्हाच निवृत्त झालेल्या खेळाडूचे कार्ड त्या क्रमांकाने छापले आणि पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने धाडले. ही लबाडी होती की निव्वळ गलथानपणा, हा प्रश्न वेगळा. एका रिकाम्या क्रमांकासाठी मुले कंपनीला पत्रे लिहितात, यात या छंदाचे सारे मर्म आले.

कार्डाची पुढची बाजू पाहण्याची, तर मागची वाचण्याची. १९५२च्या टॉप्स कार्डांच्या पाठीवर खेळाडूची मागील वर्षाची व एकूण कारकिर्दीची आकडेवारी छापलेली होती. बेसबॉल हा आकड्यांचा खेळ. क्रिकेटवेड्या वाचकाला हे सहज उमगावे. किती सामने, किती फटके, किती होम रन, सरासरी काय. दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचण्यापूर्वीच्या काळात दूरच्या गावातील मुलाला आपला नायक भेटत असे तो असा, अडीच बाय साडेतीन इंचांच्या पुठ्ठ्यावर. (हा आकार टॉप्सने १९५७ साली स्वीकारला व तोच पुढे रूढ झाला.) काही मुले ही कार्डे सायकलच्या आऱ्यांत अडकवून फटफट आवाज काढीत. मोठी झाल्यावर ती शिक्षणासाठी, सैन्यात किंवा नोकरीसाठी घराबाहेर पडली आणि आयांनी साफसफाईत खोकी केराच्या पेटीत टाकली. मँटलचे कार्ड दुर्मीळ होण्यास अटलांटिकइतकाच अशा असंख्य आयांचाही हातभार आहे.

मात्र काही माणसे जपणारीही असतात. सिराक्यूज या गावात राहणारा जेफरसन बर्डिक हा त्यांतील अग्रणी. एका विद्युत उपकरणांच्या कारखान्यात साधी नोकरी, अविवाहित, बेताची मिळकत आणि संधिवाताने जखडलेले शरीर. त्याने सिगारेटच्या पाकिटातील चित्रांपासून भेटकार्डे आणि बाटल्यांवरील चिठ्ठ्यांपर्यंत छापील कागदांचा प्रचंड साठा जमवला. त्याहून मोठे काम म्हणजे त्याने त्याची सूची केली. विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘टी’, च्युइंगम व मिठाईच्या कार्डांना ‘आर’ अशी अक्षरे देऊन त्याने मालिकांना क्रमांक लावले. वॅग्नरचे कार्ड आजही ‘टी-२०६’ म्हणून ओळखले जाते, ते बर्डिकच्या सूचीमुळे. त्याने त्या कार्डाची किंमत ५० डॉलर नोंदवली होती आणि तेव्हा ती अवाच्या सवा वाटत असे.

आपला संग्रह बर्डिकने विकला नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला तो त्याने देऊ केला. संग्रहालयाने अट घातली, की मांडणी आणि वर्गवारी त्यानेच करावी. पुढील अनेक वर्षे हा माणूस वाकड्या झालेल्या बोटांनी एकेक कागद वहीत चिकटवत राहिला. तीन लाखांहून अधिक वस्तू. त्यांत बेसबॉलची कार्डे सुमारे ३० हजार. जानेवारी १९६३मध्ये त्याने शेवटचा कागद चिकटवला. दोन महिन्यांनी, मार्चमध्ये त्याचे निधन झाले. तज्ज्ञ संग्राहक आज त्याच्यावर किंचित रागावतात, कारण चिकटवल्याने कार्डांची बाजारातील किंमत कमी होते. बर्डिकने बाजाराचा विचार केलाच नव्हता.

बाजार आला तो १९८०च्या दशकात. टॉप्सची मक्तेदारी न्यायालयीन लढाईनंतर ढिली झाली व १९८१पासून अन्य कंपन्या रिंगणात उतरल्या. जुन्या कार्डांना हजारो डॉलर मिळत असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकू लागल्या, किमतींची मासिके निघाली. हेच आपले निवृत्तिवेतन, असे समजून मोठी माणसे न फोडलेली खोकीच्या खोकी माळ्यावर रचू लागली. कंपन्यांनीही छपाईची यंत्रे थांबू दिली नाहीत. पण जुनी कार्डे महाग झाली होती ती लोकांनी टाकून दिल्यामुळे. सर्वांनीच जपून ठेवलेल्या वस्तूला कोण किंमत देणार? त्या काळातील बहुतांश कार्डे आज कवडीमोल आहेत आणि संग्राहक त्या पर्वाला चक्क ‘जंक’ म्हणतात. टॉप्सने १९९२ साली पाकिटातून च्युइंगमही काढून टाकले. त्याचा डाग कार्डावर पडतो व किंमत घटते, अशी मोठ्यांची तक्रार होती. मुलांचे मत कोणी विचारल्याची नोंद नाही.

किंमत आली की तिच्या मागोमाग परीक्षक आणि ठग दोघेही येतात. १९९१पासून पीएसए ही कंपनी कार्डे तपासून १ ते १० असे गुण देऊ लागली. कोपरे टोकदार आहेत का, छपाई मधोमध आहे का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का, हे पाहून कार्ड कठीण प्लास्टिकच्या आवरणात कायमचे बंद केले जाते. या कंपनीने प्रमाणित केलेले पहिलेच कार्ड होते वॅग्नरचे. आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झकी याने एका भागीदारासह ते १९९१ साली ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतले होते. त्याला १० पैकी ८ गुण मिळाले. ऐंशी वर्षांपूर्वीच्या कार्डाच्या कडा इतक्या सरळ कशा, अशी कुजबुज संग्राहकांत होत राहिली. २००७ साली हेच कार्ड २८ लाख डॉलरना विकले गेले. अखेर २०१३ साली बिल मास्ट्रो या बड्या लिलावदाराने फसवणुकीच्या खटल्यात कबुली दिली, की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. बर्डिकच्या वहीतील डिंक लागलेली कार्डे या कार्डापेक्षा प्रामाणिक होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

स्वाक्षरीचा छंद हा याच घराण्यातला, पण त्याचा स्वभाव वेगळा. कार्ड छापखान्यातून येते. स्वाक्षरीसाठी मात्र माणूस समोर यावा लागतो. सामना सुरू होण्यापूर्वी खेळाडू सराव करीत असताना मुले कठड्याशी जाऊन उभी राहतात. जाणकार मुलगा चेंडूवर सही घेताना साधे बॉलपेन पुढे करतो, कारण जाड मार्करची शाई कालांतराने कातड्यात पसरते. सहीची जागाही ठरलेली आहे. शिवणीच्या दोन ओळी जेथे सर्वांत जवळ येतात, त्या अरुंद पट्टीवर एकट्या खेळाडूची सही असेल तर तिचा मान मोठा. ज्यांना मैदान गाठणे शक्य नाही, ते कार्ड आणि आपला पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट खेळाडूला पाठवतात. कधी आठवड्यात उत्तर येते, कधी वर्षाने, कधी येतच नाही. आलेल्या सहीमागे खेळाडूच आहे याची खात्रीही नसते. पूर्वी संघाच्या सज्जघरातील पोऱ्ये किंवा खेळाडूंचे सचिव परस्पर सह्या ठोकत, हे उघड गुपित आहे.

सज्जघरातील पोऱ्याची सही निदान आळसापोटी होती. १९९०च्या दशकात तिचा कारखाना झाला. सॅन दिएगो पॅड्रेस संघाचा लाडका फलंदाज टोनी ग्विन याला आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या बनावट सह्या विक्रीस दिसल्या. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम चालवून १९९९ साली छापे घातले, तेव्हा कॅलिफोर्नियातील एक मोठी टोळी हाती लागली. हयात खेळाडूंच्या सह्या होत्याच, दिवंगतांच्याही होत्या. जप्त मालात मदर तेरेसा यांची सही असलेले बेसबॉलचे चेंडू निघाले. हसू यावे असा हा प्रकार, पण असे चेंडू घेणारे गिऱ्हाईक होते म्हणूनच ते बनले. नामवंतांच्या सह्यांपैकी निम्म्याहून अधिक बनावट असाव्यात, असा त्या वेळी जाणकारांचा अंदाज होता. वडिलांनी मुलाला वाढदिवसाला दिलेला चेंडू खोटा निघाला तर केवळ पैसे बुडत नाहीत. ‘या चेंडूला त्याचा हात लागला होता’ हे वाक्यच त्या घरातून पुसले जाते.

या धक्क्यानंतर २००१ साली मेजर लीग बेसबॉलने स्वतःची प्रमाणन व्यवस्था उभी केली. प्रत्येक सामन्याला तिचा माणूस मैदानालगत हजर असतो. ही माणसे बहुधा पोलिस दलातील, सेवेतील अथवा निवृत्त. नियम साधा: जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच खरे. चेंडू खेळातून बाहेर येताना अथवा खेळाडू सही करताना पाहिला, तरच त्यावर क्रमांक असलेली होलोग्रामची चिकटपट्टी लागते. ती सोलली तर फाटते. क्रमांकावरून चेंडूची कुंडली संगणकावर पाहता येते.

याच व्यवस्थेच्या जोरावर कार्ड आणि सही यांचा आता संगम झाला आहे. पहिला सामना खेळणाऱ्या खेळाडूच्या सदऱ्यावर एक खास पट्टी शिवली जाते. सामन्यानंतर ती प्रमाणित करून काढतात, एकाच कार्डात बसवतात, खेळाडू त्यावर सही करतो आणि ते कार्ड कुठल्यातरी पाकिटात टाकले जाते. पॉल स्कीन्स या पिचरने मे २०२४मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडून पदार्पण केले. वॅग्नरचा हाच संघ. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना २००८ साली करारबद्ध करणाराही हाच. स्कीन्सचे ते एकमेव कार्ड आपल्याला मिळावे म्हणून संघाने देऊ केले होते, ३० वर्षांची दोन हंगामी तिकिटे आणि बरेच काही. २०२४च्या नाताळच्या दिवशी लॉस एंजेलिस परिसरातील ११ वर्षांच्या एका मुलाने पाकीट फोडले आणि आत ते कार्ड निघाले. कुटुंबाने संघाचा देकार नाकारून कार्ड लिलावात पाठवले. मार्च २०२५मध्ये त्याचे ११ लाख १० हजार डॉलर आले.