पाणी भरता भरता मूल शिकते

शाळेत नाव घातले की मूल शिकायला लागते, असा आपल्याकडे समज आहे. खरे तर मेंदूची सर्वांत वेगाने वाढ पहिल्या 3 वर्षांत होते. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. मुलाशी बोलणारे आणि त्याचे ऐकणारे माणूस लागते. कामावर जाणाऱ्या आईवडिलांना वेगळा वेळ कुठला? म्हणून हातात जे काम आहे, त्यातच मुलाला घ्या.

पाणी भरताना : "हंडा भरला, बादली रिकामी." बादली भरायला किती तांबे लागले, ते मोठ्याने मोजा. मात्र भरलेल्या बादलीजवळ मुलाला एकटे सोडू नका.

भाकरी करताना : पिठाचा गोळा हातात द्या. मळून बोटांत बळ येते, ते पुढे पेन्सिल धरताना कामी येते. शेंगदाणे, हरभरे मात्र लहानग्याच्या हाती देऊ नका; घशात अडकतात.

कपडे घडी घालताना : "बाबांचा शर्ट कोणता? तुझा कोणता?" दारातल्या चपलांच्या जोड्या लावू द्या.

प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर सांगू नका. मनात 5 पर्यंत मोजा, मुलाला वेळ द्या. ते "पा" म्हणाले, तर "हो, पाणी. गार पाणी!" म्हणा. घरात जी बोली बोलता, तीच बोला. इंग्रजीची घाई नको. आजी-आजोबा आणि वडील यांनीही बोलावे, हे एकट्या आईचे काम नव्हे.

मूल रडले की मोबाइल हातात देऊ नका. मोबाइल मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही. 2 वर्षांखालील मुलांना स्क्रीन नकोच, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, 2 वर्षांचे होऊनही "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तर "त्याचा बापही उशिराच बोलला" म्हणत थांबू नका. ऐकू कमी येत असेल, तर ते लवकर कळणे फार महत्त्वाचे असते. अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मुलांची मोफत तपासणी करते, गरज पडल्यास पुढच्या उपचारांसाठी पाठवते. पथक यायला वेळ असेल, तर मुलाला घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा.