एक सकाळ दुसऱ्या वाटेने

पहाटे उठावे, चूल पेटवावी, गुरे सोडावीत, ठरल्या पायवाटेने जावे नि यावे. जोयडा तालुक्यातील आमची सकाळ वर्षानुवर्षे अशीच उजाडते. हात चालतात, मन मात्र निजलेलेच असते.

म्हणून मार्च महिन्यातील एके दिवशी आम्ही नेहमीची वाट मुद्दाम सोडली आणि काळी नदीच्या काठाने निघालो. आपल्याच तालुक्यात दिग्गीजवळ उगम पावून ही नदी १८४ किलोमीटर वाहत कारवारजवळ समुद्रास मिळते. इतक्यात पंखांचा मोठा आवाज करीत माथ्यावरून धनेश पक्षी गेला. या दिवसांत त्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते व दार लिंपून टाकते. चोच जाईल एवढीच फट उरते. नर वडा-उंबरांची फळे आणून त्या फटीतून तिला, पुढे पिलांनाही, भरवितो. कित्येक आठवडे हा नेम चालतो. तो चुकला तर ढोलीतले जीव उपाशी!

वाचकहो, नेमास कंटाळून आम्ही वाट सोडली आणि नेमाचेच मोल जाणून परतलो. घरी चूल तीच, गुरे तीच. परंतु रोज आमच्यापुढे पेज वाढणारे हात त्या दिवशी आम्हांस प्रथमच दिसले. महिन्यातून एखादी सकाळ आपणही वाट बदलून पाहावी.