डोंगर हेच छप्पर

कान्हेरीच्या पाचव्या क्रमांकाच्या लेण्यापाशी कातळात खोदलेले पाण्याचे एक टाके आहे. त्याच्या वर ब्राह्मी लिपीत, संस्कृत भाषेत एक झिजलेला लेख आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी होती आणि तिचा विश्वासू अमात्य सतेरक याने हे 'पानीयभाजन' दान दिले, असे तो सांगतो. महाक्षत्रपाच्या नावातले 'रु' एवढे अक्षर शिल्लक आहे. तो रुद्रदामन असावा, असे अभ्यासक मानतात. जुनागढच्या शिलालेखात हाच रुद्रदामन म्हणतो की, दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा नाश केला नाही. ते नाते कोणते असेल, याचा धागा कान्हेरीच्या या टाक्यावर सापडतो. दोन झुंजणाऱ्या राजघराण्यांमधली सोयरीक आपल्याला कळली ती पाणी साठवण्याच्या एका खड्ड्यामुळे. आणि जुनागढचा तो लेख तरी कशाबद्दल आहे? वादळी पावसाने फुटलेले सुदर्शन तलावाचे धरण इ. स. १५० च्या सुमारास पुन्हा बांधून काढल्याबद्दल.

मुंबई उपनगरांतल्या लेण्यांचा विचार करताना मी नेहमी या टाक्यापासून सुरुवात करतो. मूर्ती, स्तंभ, शिलालेख हे सारे महत्त्वाचे आहेच. पण ही लेणी टिकली ती पाण्याच्या व्यवस्थेमुळे आणि जिथे नष्ट होत आहेत तिथेही पाण्यामुळेच.

कान्हेरी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास इथे खोदकाम सुरू झाले आणि हजार वर्षांहून अधिक काळ इथे वावर राहिला. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. सोपारा, कल्याण, चौल अशा बंदरांच्या आणि बाजारांच्या गावांतून आलेल्या दात्यांची नावे भिंतींवर आहेत. त्यात व्यापारी आहेत, सोनार आहेत, भिक्षुणीही आहेत. नवव्या शतकातले लेख राष्ट्रकूट अमोघवर्षाचे आणि त्याच्या शिलाहार मांडलिकांचे नाव सांगतात. नव्वदाव्या लेण्यात तर इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाचा मंडप सुमारे ८६ फूट लांब आहे आणि त्याच्या ओसरीच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या बुद्धमूर्ती सात मीटरच्या आसपास उंच आहेत. पाहणारा माणूस तिथेच थांबतो, आणि ते योग्यच आहे. तरी त्याने एकदा मान वर करून दर्शनी भागाच्याही वरचा कातळ पाहावा.

कान्हेरीच्या डोंगरमाथ्यावर आणि उतारांवर पन्हळी कोरलेल्या आहेत. काही बोटभर खोल, काही हातभर रुंद. पावसाचे पाणी लेण्याच्या दारावरून थेट कोसळू नये म्हणून ते कपाळावरच अडवून बाजूला वळवायचे आणि मग उताराने अंगणाच्या कडेच्या टाक्यात सोडायचे, अशी ही योजना आहे. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. बहुतेक टाक्यांचे तोंड लहान आणि चौकोनी, पण पोट आत कातळाखाली पसरलेले. तोंडाच्या कडेला खाच ठेवलेली असते, म्हणजे वर झाकण बसते आणि पालापाचोळा आत पडत नाही. जवळपास प्रत्येक लेण्याला त्याचे स्वतःचे टाके आहे. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने कोरडे, अशा जागी शेकडो भिक्षू राहायचे तर वर्षभराचे पाणी चार महिन्यांत साठवावे लागते. कान्हेरीकरांनी तहान आणि गळती या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच पन्हळीत शोधले होते. मला ही भारतीय स्थापत्यातली एक फार मोठी कल्पना वाटते. तिच्यावर कुणाची सही नाही, म्हणून तिचे कौतुक कमी होते, इतकेच.

या व्यवस्थेची गरज किती होती, हे कान्हेरीच्या दगडाकडे पाहिल्यावर कळते. हा अजिंठ्यासारखा घट्ट, एकसंध बेसाल्ट नव्हे. साष्टी बेटाच्या या डोंगरात बऱ्याच ठिकाणी ज्वालामुखीजन्य खडकाचे तुकडे आणि राख एकत्र घट्ट झालेला मऊसर दगड आहे. तो छिन्नीला लवकर दाद देतो. पाण्यालाही तितक्याच लवकर देतो. त्यातली चिकणमातीची खनिजे ओली झाली की फुगतात, सुकली की आकसतात. दर पावसाळ्यात फुगायचे, दर उन्हाळ्यात आकसायचे. असे दीड-दोन हजार वेळा झाले की पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. झिरपलेल्या पाण्यातून आलेले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन साचतात आणि आतून ढकलत राहतात. मूर्तीचा चेहरा आधी पुसट होतो, मग नाहीसा होतो. मुंबईच्या उपनगरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला.

देवळाचा जीर्णोद्धार करता येतो. चिरा ढासळला तर दुसरा चिरा बसवतात, शिखर पडले तर नवे उभारतात. लेण्यात तसे करता येत नाही, कारण तिथे सुटा चिराच नाही. भिंत, खांब, मूर्ती, छत सगळे एकाच डोंगराचे आहे. जे झडले ते कायमचे गेले. म्हणून लेण्यांच्या जतनाचे काम पाहणाऱ्याला निराश करते: फार काही नवे दिसत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या संवर्धन-पुस्तिकेपासून हेच धोरण आहे की, हरवलेले नव्याने घडवण्यापेक्षा उरलेले राखावे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की माथ्यावरच्या भेगा चुना आणि दगडाच्या भुकटीने भरायच्या. सुटू पाहणारा कातळ स्टेनलेस स्टीलच्या सळईने मागच्या घट्ट कातळाशी बांधायचा. वड-पिंपळाची रोपे मुळासकट काढायची. शेवाळ हलक्या हाताने धुवायचे. क्षार असलेल्या भागावर कागदाचा ओला लगदा थापून तो सुकताना क्षार शोषून घेऊ द्यायचे. सिमेंट शक्यतो टाळायचे, कारण ते दगडापेक्षा कठीण असते, ओल बाहेर जाऊ देत नाही आणि स्वतःचे क्षार दगडात सोडते. आणि सगळ्यात आधी, म्हणजे हे सगळे करण्याच्याही आधी, जुन्या पन्हळी मोकळ्या करायच्या. माती भरून बुजलेली दोन हजार वर्षांपूर्वीची पन्हळ साफ केली की ती आजही काम करते.

कान्हेरीचे भाग्य असे की तिच्या माथ्यावर अजून जंगल आहे. हे जंगल राहिले त्याला पुरातत्त्वापेक्षा मुंबईची तहान जास्त कारणीभूत आहे. विहार तलाव १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये. त्यांच्या पाणलोटासाठी आजूबाजूचे डोंगर वस्तीपासून राखले गेले आणि पुढे त्या भागाचे राष्ट्रीय उद्यान झाले. पाणी हवे म्हणून डोंगर वाचला, डोंगर वाचला म्हणून लेणी वाचली.

बोरिवलीच्या दुसऱ्या बाजूला, पश्चिमेला, मंडपेश्वर आहे. सहाव्या शतकातले शैव लेणे, आत नृत्यमग्न शिवाचा मोठा शिल्पपट. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो यांच्या पुढाकाराने लेण्याचे चर्च झाले आणि माथ्यावर धर्मशिक्षणाचे विद्यालय उभे राहिले. एका शिल्पपटाच्या जागी क्रूस कोरला गेला. १७३९ पर्यंत चिमाजी अप्पांनी साष्टी आणि वसई जिंकली आणि ती इमारतही ओस पडली. आज खाली लेणे आणि वर बिनछपराच्या भिंती, असे हे स्मारक उभे आहे. इथे मूळ रूपात आणायचे म्हणजे कोणत्या? क्रूस काढून शिव घडवायचा, की शिव झाकून क्रूस राखायचा? मला वाटते, दोन्ही जसे आहेत तसेच राहायला हवेत. सहाव्या शतकातला शिल्पकार आणि सोळाव्या शतकातला पाथरवट, दोघांच्या छिन्नीच्या खुणा आता एकाच इतिहासाच्या आहेत. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वरच्या वास्तूचे छप्पर गेल्यापासून तिची जमीन हेच लेण्याचे छत झाले आहे. वरच्या भग्न भिंतींमधून पाण्याला नीट वाट काढून दिली नाही, तर त्याची किंमत खालचा नटराज मोजणार.

अंधेरी पूर्वेच्या महाकाली लेण्यांत, म्हणजे जुन्या कोंडिविट्यात, एकोणीस लेणी आहेत. त्यांतल्या नवव्यात कातळातच कोरलेली गोल झोपडीसारखी खोली आहे. तिच्या भिंतीत जाळीच्या खिडक्या आणि आत स्तूप. पश्चिम भारतात असे फार कमी पाहायला मिळते. लाकडी झोपडीच्या बांधणीचे दगडातले रूप पाहायचे असेल, तर महाकाली केव्ह्ज रोडवरून रोज जाणाऱ्याने एकदा तरी त्या रस्त्याला नाव देणाऱ्या जागेत उतरावे.

खरे दुखणे जोगेश्वरीचे आहे. सहाव्या शतकातले हे शैव लेणे देशातल्या सर्वांत मोठ्या लेण्यांत गणले जाते. मधोमध चार दारांचे गर्भगृह, भोवती खांबांचा प्रशस्त मंडप, लांब अंगणे आणि ओळीने दरवाजे. घारापुरीच्या लेण्याशी त्याचे नाते अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे, आणि घारापुरी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जोगेश्वरीत मात्र पुष्कळ शिल्पांचे आता केवळ आकार उरलेत. हे लेणे डोंगराच्या कड्यात नाही, तर ठेंगण्या टेकडीत खोदलेले आहे. पायऱ्या उतरून आत जावे लागते. म्हणजे पाण्याचा ओढा बाहेरून आत. आणि विसाव्या शतकात त्याच टेकडीच्या माथ्यावर घरे झाली. पावसाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. सांडपाण्याला पावसाळा-उन्हाळा नसतो, त्यामुळे दगडाला वाळायला मिळणारे आठ महिनेही गेले.

या अतिक्रमणांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि न्यायालयाने ती अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. काही हटली, सगळी नाही. इथे राहणाऱ्यांना खलनायक ठरवणे मला पटत नाही. शहराने त्यांना दुसरी जागा दिली नाही म्हणून ती माणसे तिथे आली. स्मारकाभोवती १९९२ च्या अधिसूचनेने १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र झाले. २०१० मध्ये हे थेट कायद्यात आले. त्यामुळे जवळच्या जुन्या इमारती मोडकळीला आल्या तरी त्यांची पुनर्बांधणी अडते. लेण्याच्या शेजारी राहणाऱ्याला लेणे आपले वाटण्याऐवजी आपल्यावरचे संकट वाटू लागते.

माझा आक्षेप कायद्याच्या हेतूला नाही, त्याच्या आकाराला आहे. पाणी उताराकडे जाते. १०० मीटरच्या वर्तुळाला ते जुमानत नाही. लेण्याच्या खालच्या अंगाला ९० मीटरवर असलेल्या चाळीचा लेण्याला काडीचाही उपद्रव नसतो, आणि माथ्याच्या बाजूला १५० मीटरवरची एक फुटकी गटारवाहिनी वर्षभर आतल्या द्वारपालांवर ठिबकत राहू शकते. संरक्षित क्षेत्र लेण्याच्या पाणलोटावरून आखायला हवे: माथ्यावर पडलेला प्रत्येक थेंब कुठून आत येतो, याचा नकाशा आधी करायचा आणि निर्बंध त्या उतारावर कडक ठेवायचे, उलट बाजूला सैल. कान्हेरीच्या पाथरवटांनी कागदाशिवाय केलेले काम आज मोजणीची साधने हाताशी असताना करणे मुळीच अशक्य नाही.

आणि जोगेश्वरीत त्या नकाशाने पहिले काम कोणते निघेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. माथ्यावरच्या वस्तीचे पुनर्वसन जेव्हा व्हायचे तेव्हा होईल, पण तोवर तिथे न गळणाऱ्या बंदिस्त मलवाहिन्या आणि पावसाच्या पाण्यासाठी टेकडीच्या बाहेरच्या उताराला नेणारी वेगळी पक्की गटारे टाकता येतात. पुरातत्त्व सर्वेक्षणाने रेषा दाखवायची, महापालिकेने नळ टाकायचे. तिथल्या रहिवाशांना घरात पाणी न शिरणारा पावसाळा मिळेल आणि लेण्याला पुन्हा कोरडा उन्हाळा.