वॉलरसच्या अंगात आलेला कॅब कॅलोवे

मोशन कॅप्चर म्हटलं की अंगभर ठिपके चिकटवलेला नर्तक आणि त्याच्याभोवती कॅमेऱ्यांचा वेढा, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. या सरंजामाचा मूळपुरुष मात्र ब्रुकलिनमधला एक विदूषक. मॅक्स फ्लायशरने धाकट्या भावाला, डेव्हला, विदूषकाच्या झग्यात नाचवलं, त्याचं चित्रण केलं आणि ती फिल्म एकेक चौकट काचेवर पाडून कागदावर गिरवली. या 'रोटोस्कोप'च्या पेटंटचा अर्ज ६ डिसेंबर १९१५चा, मंजुरी ९ ऑक्टोबर १९१७ची. त्यातून कोको हा विदूषक जन्मला. पुढची वर्षं सोडून देऊ. खरी गंमत १९३२ची आहे.

त्या साली फ्लायशर बंधूंचा 'मिनी द मूचर' हा बेटी बूपचा कार्टूनपट आला. आरंभी हार्लेमच्या कॉटन क्लबचा बँडप्रमुख कॅब कॅलोवे स्वतः पडद्यावर येतो आणि गुडघे सैल सोडून, जमिनीवरून घसरत डुलतो. त्याचं हे सर्वांत जुनं ज्ञात चित्रण. मग गुहेत एक वॉलरसचं भूत गाऊ लागतं. आवाज कॅलोवेचा, पावलंही त्याचीच, रोटोस्कोपवर गिरवलेली! कॉटन क्लबात कलावंत काळे आणि गिऱ्हाईक फक्त गोरं. त्या दारातून ज्यांना आत जाता येत नव्हतं, त्यांनाही आता तिकीट काढून हा नाच पाहता आला. वॉलरसच्या रूपात का होईना.

पण मी पुन्हा पुन्हा पाहतो तो फ्लायशर बंधूंचाच १९३३चा 'स्नो-व्हाइट'. चित्रकार रोलंड क्रँडलने तो जवळजवळ एकहाती, सहा महिने खपून काढला. जादूचा आरसा कोकोवरून फिरतो आणि त्याचं लांबलचक पायांचं पांढरं भूत होतं. ते कॅलोवेच्या आवाजात 'सेंट जेम्स इन्फर्मरी' गात चालतं. गाण्यात घड्याळाच्या साखळीतलं सोन्याचं नाणं आलं की भुताचंच नाणं होतं. दारूचा उल्लेख आला की बाटली. मागे गुहेच्या भिंतींवर सांगाडे सरकत राहतात. गिरवलेलं कुठे संपतं आणि क्रँडलची मस्ती कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही. १९९४मध्ये या चित्रपटाची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत नोंद झाली, ती उगाच नाही.

याच स्टुडिओने १९३९मध्ये 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' काढला. गलिव्हर रोटोस्कोपवर इमानदारीने गिरवलेला: माणसाच्या हालचाली माणसाच्याच देहावर. परिणाम? आजूबाजूचे लिलिपुटवासी उड्या मारतात आणि हा नायक दगडी पुतळ्यासारखा जड वाटतो. माझ्या मते दोष यंत्राचा नाही. उधार घेतलेली चाल वेगळ्याच देहाला दिली, की चित्रकाराला काहीतरी करावंच लागतं: पोट कुठे हलेल, सुळे कुठे जातील, नसलेल्या गुडघ्यांचं काय करायचं. गलिव्हरच्या वेळी हे प्रश्नच पडले नाहीत.

आजच्या म्युझिक व्हिडिओंतही गायकाच्या हालचाली टिपून बहुधा त्याचाच गुळगुळीत डिजिटल पुतळा नाचवतात. संगणक सांध्यांचा हिशेब चोख ठेवतो. तरी मला वाटतं, त्या आकड्यांवर एखादा वॉलरस बसवून पाहायला काय हरकत आहे?