तीन ज्योतींची विजेरी

तिन्हीसांजेस देवापाशीं दिवा लावण्याचा परिपाठ ज्या घरांत अजून चालू आहे, त्या घरांतील वडील मंडळींस एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाहीं. वात मोठी केली म्हणजे उजेड वाढतोच असें नाहीं; पुष्कळदां नुसती काजळीच वाढते. एलईडी दिव्यासहि थोडाफार हाच नियम लागू आहे, हें आम्हांस एक विजेरी घरीं तयार करण्याच्या खटाटोपांत उमगलें. त्याची हकीकत वाचकांस थोडी उपयुक्त वाटेल, या आशेनें ती येथें देत आहों.

आमचें घर आंबिवलीस. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्यामधलें हें स्टेशन. वीज जाणें आम्हांस नवीन नाहीं. २६ जुलै २००५ च्या महापुरांत उल्हास नदी कल्याण परिसरांत पात्र सोडून आली होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं तर मुंबई-ठाण्याकडील वीज भर सकाळीं गेली, ती कित्येक तास आली नाहीं. अशा प्रसंगीं साधी विजेरी हातीं घ्यावी, तर तिचा झोत दूरवर एका ठिपक्यासारखा पडतो आणि पायापाशीं काळोख तसाच राहतो. अंगणांतल्या ओल्या गवतांत मण्यार किंवा घोणस आहे कीं काय, हें पाहण्यास दूरचा झोत काय कामाचा? एका पावसाळी रात्रीं घरांतील आजी पायरीवर अडखळल्या. सुदैवानें इजा झाली नाहीं. परंतु धाकट्या पुतण्यानें मनावर घेतलें कीं, पायापुढें सारखा पसरणारा उजेड देणारी विजेरी आपणच करावयाची.

त्याचा बेत एका मोठ्या दिव्याऐवजीं तीन लहान दिवे बसविण्याचा होता. यांत शहाणपण आहे. एका एलईडीमधून वाहणारा प्रवाह दुप्पट केला, तर उजेड दुप्पट होत नाहीं. उष्णता मात्र दुपटीहून अधिक होते. तोच प्रवाह तिघांत वाटून दिला, तर प्रत्येकावरील भार हलका होतो आणि तेवढ्याच विजेंत उजेड अधिक मिळतो. शिवाय तीन भिंगांतून तो पसरतोहि सारखा.

येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, पांढरा एलईडी मुळांत पांढरा नसतोच. आंतला स्फटिक निळा प्रकाश देतो, त्यावरील लेप त्यांतील कांहीं भागाचा पिवळा करतो, आणि दोहोंच्या मिश्रणानें डोळ्यास पांढरें दिसतें. निक होलोन्याक यांनीं तांबडा एलईडी १९६२ सालीं तयार केला. परंतु चांगला निळा मिळण्यास पुढें तीस वर्षें लागलीं. त्या कामाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानांत जन्मलेल्या शास्त्रज्ञांस २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

सामान मुंबईस लॅमिंग्टन रोडवर मिळालें : तीन एलईडी, ते बसविण्याची अॅल्युमिनियमची गोल पाटी, २० मिलिमीटर व्यासाचें तिहेरी भिंग, प्रवाह आवरणारा ड्रायव्हर आणि १८६५० जातीचा लिथियम सेल. (या आंकड्याचा अर्थ इतकाच कीं, सेल १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो.) हा सेल पुरा भरला असतां ४.२ व्होल्ट देतो, आणि एका पांढऱ्या एलईडीस सुमारें ३ व्होल्ट लागतात. तिघांची माळ करावी तर ९ व्होल्ट हवेत. म्हणून तिघे समांतर जोडले. समांतर जोडणींत एक धोका असतो. ज्यास किंचित् कमी व्होल्ट पुरतात, तो प्रवाहाचा मोठा वाटा ओढतो व तापतो; तापला कीं आणखी कमी व्होल्ट पुरतात, आणि वाटा आणखी वाढतो. एकत्र कुटुंबांत जो मुकाट्यानें काम करतो, त्याच्याच अंगावर आणखी काम येऊन पडतें, तसाच हा प्रकार! म्हणून तिन्ही एलईडी एकाच लॉटचे घ्यावेत.

पहिला प्रयत्न फसला. ड्रायव्हर २.८ अँपिअरचा होता. म्हणजे सुमारें ८.४ वॅट शक्ति त्या रुपयाएवढ्या पाटीवर आली, आणि तींतील निम्म्याहून अधिक उष्णताच होते. पाटी आंतल्या बैठकीस जाड गोंदानें चिकटविलेली. दोन मिनिटें लख्ख प्रकाश पडला. मग त्यास निळसर छटा आली आणि एक दिवा कायमचा मालवला. नवल हें कीं, विजेरीचें अंग तोंवर हातास गारच लागत होतें.

त्या गारपणांतच दोष होता. उष्णता गोंदाच्या थरापाशीं अडून दिव्याखालींच सांचली होती. दुसऱ्या खेपेस पाटी तांब्याची घेतली, बैठक पॉलिश-पेपरनें घासून सपाट केली, आणि दोहोंमध्यें थर्मल पेस्टचा अगदीं पातळ थर दिला. तांबें हवेच्या दहा हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेतें. तेव्हां मध्यें राहिलेली केसाएवढी फटहि महाग पडते. पाटीवर डाखाची पेस्ट लावून तिन्ही एलईडी चिमट्यानें ठेवले व पाटी एका जुन्या तव्यावर तापविली. कथिल-शिशाचा हा डाख १८३ अंशांस वितळतो, आणि वितळतांच लहानसे एलईडी आपोआप सरकून आपापल्या जागीं बसतात. तें पाहण्यास सारें घर जमलें होतें! मात्र डाखांत शिसें असतें. तो तवा पुन्हा स्वयंपाकघरांत येतां कामा नये. खिडकी उघडी ठेवावी व नंतर हात साबणानें धुवावेत. प्रवाहहि २.१ अँपिअरवर आणला. प्रत्येकाच्या वाट्यास ०.७ अँपिअर.

या खेपेस पांच मिनिटांतच विजेरी कोमट झाली. आजी म्हणाल्या, “अरे, ही तर तापली. पुन्हा बिघडली वाटतें!”

“अगं आजी, तापली म्हणूनच ठीक आहे,” पुतण्या म्हणाला. “आंतली ऊब बाहेर येते आहे.”

नेहमींच्या वापरास ०.३५ अँपिअरची मंद पायरी पुरते, आणि ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल तिच्यावर आठ तासांहून अधिक चालतो. पूर्ण तेजावर तो दीड तासहि पुरत नाहीं. हात सोसेनासा झाला कीं पायरी खालीं आणावी.

सेलाविषयीं सावधगिरी हवीच. आंत संरक्षक पट्टी असलेलाच सेल घ्यावा. त्याच्याच जातीच्या चार्जरनें भरावा. वेष्टन फाटलेला किंवा फुगलेला सेल मोह न धरतां टाकून द्यावा, पण घरच्या कचऱ्यांत नव्हे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल मुलांच्या हातीं देऊं नयेत, आणि पेटलेल्या विजेरींत त्यांना डोकावूं देऊं नये.

परवां सायंकाळीं वीज गेली, तेव्हां आजींनीं कोणास हांक मारली नाहीं. खुंटीवरची विजेरी घेऊन त्या एकट्याच पायऱ्या उतरून तुळशीपर्यंत गेल्या, आणि निरांजन लावून तशाच सावकाश परत आल्या.