गोड्या पाण्यातील खेकडा : निवड, सफाई व शिजवणी

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा वाहते. बारामती तालुक्यातून कऱ्हा जाते आणि नीरेचा डावा कालवा दोन्ही तालुक्यांतील शेतीस पाणी पुरवितो. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यावर भीमेचा फुगवटा भिगवणच्या परिसरात पसरला व तेथील मासळी बाजारास महत्त्व आले. या सर्व पाण्यांत माशांखेरीज खेकडे, झिंगे आणि शिंपलेही आढळतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की खेकडे बिळांबाहेर येतात आणि रात्री बत्तीच्या उजेडात ते धरण्याची हौस पुष्कळांना असते. खेकड्याचे मांस प्रथिनयुक्त व रुचकर असते. परंतु त्याच्या निवडीत किंवा शिजवणीत हयगय केल्यास ते अपायकारकही ठरते.

खेकडा नेहमी जिवंत पाहूनच घ्यावा. मेल्यानंतर त्याचे मांस फार लवकर नासते. आकाराच्या मानाने हातास जड लागणारा व नांग्या जोराने हलविणारा खेकडा उत्तम. हलका आणि मऊ कवचाचा खेकडा नुकताच कात टाकलेला असतो. त्यात मांस थोडे व पाणी फार. किनाऱ्यावरून बर्फात येणाऱ्या चिंबोरीस नवसागरासारखा उग्र वास येत असल्यास ती घेऊ नये.

पोटाखालील झाकण नराचे अरुंद व मादीचे रुंद, गोलसर असते. समुद्रातील चिंबोरीची मादी लक्षावधी सूक्ष्म पिले पाण्यात सोडते. गोड्या पाण्यातील मादीची अंडी संख्येने थोडी व आकाराने मोठी असून त्यांतून थेट चिमुकले खेकडेच बाहेर पडतात. काही काळ ते आईच्या झाकणाखालीच राहतात. अशी एक मादी कालवणात गेली की ओढ्यातील एक सबंध वीण गेली. झाकण उचलून पाहावे व अंडी किंवा पिले दिसल्यास मादी पाण्यात सोडावी.

सफाई करताना खेकडा पुष्कळ पाण्यात घासून धुवावा, नांग्या व पाय वेगळे करावेत आणि पाठीचे कवच उचलून दोन्ही बाजूंचे कल्ले व तोंडामागील पिशवी काढून टाकावी. बारीक पाय पाट्यावर वाटून, गाळून त्यांचा रस कालवणात घालण्याची आपल्याकडील रीत चांगली आहे, कारण त्यामुळे रस्सा दाट व चवदार होतो. मात्र हा कच्चा रस चाखू नये. गोड्या पाण्यातील खेकड्यांत काही ठिकाणी फुफ्फुसातील पर्णकृमीची अवस्था आढळते. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून हा कृमी माणसाच्या फुफ्फुसात पोहोचतो. मणिपुरात या रोगाचे अनेक रुग्ण आढळले आहेत. खोकला व तांबूस बेडका ही लक्षणे असल्याने तो क्षय समजला जाण्याचा संभव असतो. म्हणून रस्सा खळखळून उकळल्यावर निदान १५ मिनिटे शिजवावा, आणि पाटा, विळी व हात तत्काळ धुवावेत; त्याच विळीवर कोशिंबिरीचा कांदा चिरू नये. शेतातील आगटीत भाजलेला खेकडा बाहेरून करपतो व आत कच्चा राहतो. मुलांना ही सवय फार असते, तिकडे वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यावे.

शिंपल्यांबाबत अधिक सावध राहावे. शिंपला पाणी गाळून आपले अन्न मिळवितो, त्यामुळे पाण्यातील घाणही त्याच्या अंगात साठते. उजनीच्या जलाशयात पुणे व पिंपरी-चिंचवडकडील सांडपाणी मुळा-मुठेतून व भीमेतून येते. तेथील शिंपले खाण्यात न आणणेच इष्ट.

ओढ्यात कीटकनाशक टाकून धरलेले खेकडे व मासे कोणी स्वस्तात देऊ केल्यास ते घेऊ नयेत. उकळल्याने ते विष जात नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्यकायद्यानेच पाण्यात विष घालून मासे मारणे गुन्हा ठरविले होते, आणि त्यातील ‘मासा’ या शब्दात कवचधारी प्राण्यांचाही समावेश होता. खेकडा किंवा झिंगे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्यास ते पुन्हा खाऊ नयेत. ओठ सुजून श्वास कोंडू लागल्यास रोग्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.