२८ चौकटी

सकाळी ८.०० : प्रयोगशाळा
दोन आठवड्यांपूर्वी नऊ वर्षांच्या एका मुलीला ड्युओडेनमचा व्रण होता म्हणून जठरातून तुकडे घेतले होते. त्यातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीचा अहवाल आज आला. हा जंतू सावकाश वाढतो. १९८२ साली पर्थमध्ये मार्शल आणि वॉरन यांना तो वाढवता आला, तो ईस्टरच्या सुट्टीत बश्या जास्त दिवस तशाच राहिल्यामुळे. आजच्या बशीत क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या पट्टीला अगदी खेटून जंतू वाढलेत, म्हणजे ते त्यांच्यावर चालत नाही. मेट्रोनिडाझोल आणि अमॉक्सिसिलिनच्या पट्ट्यांभोवती मात्र मोकळी जागा आहे.

९.३० : एंडोस्कोपी
सहा वर्षांचा मुलगा, रात्रीपासून उपाशी. जठराच्या खालच्या भागात बारीक उंचवटे, मुलांमध्ये नेहमी दिसतात तसे. एक तुकडा पिवळ्या चाचणीत टाकला. थोड्या वेळात रंग गुलाबी झाला. जंतू आहे. त्याच्यावर कोणतं औषध चालेल हे कळावं म्हणून आणखी तुकडे प्रयोगशाळेकडे पाठवले. अंदाजाने औषध देऊन या लेकराला पुन्हा उपाशी ठेवायची वेळ येऊ नये.

११.३० : ओपीडी
सकाळच्या अहवालातली मुलगी आईबरोबर आली. आईने वही पुढे ठेवली. क्लॅरिथ्रोमायसिन असलेल्या आधीच्या कोर्सचे १४ दिवस, प्रत्येक डोसापुढे खूण. कडू लागलं तरी पोरीने सगळं घेतलं होतं.
"एकही डोस चुकवला नाही, मॅडम. मग माझं कुठे चुकलं?"
मी जुन्या चिठ्ठ्या चाळल्या. चार ते आठ वर्षांच्या दरम्यान साध्या सर्दी-खोकल्यासाठी पाच वेळा अ‍ॅझिथ्रोमायसिन. सर्दी बहुतेकदा विषाणूची असते. त्यावर या औषधाचा उपयोग नाही. पण ते क्लॅरिथ्रोमायसिनच्याच कुळातलं. जठरात जंतू असेल तर अशा प्रत्येक कोर्समध्ये त्यातले दुबळे मरतात, दाद न देणारे उरतात आणि वाढतात.
"तुमचं काहीच चुकलं नाही, ताई. हे औषध सुरू होण्याआधीच निकामी झालं असावं."
नवी चिठ्ठी लिहिली : अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्ल कमी करणारं औषध, दोन वेळा, १४ दिवस.

दुपारी २.०० : ओपीडी
एक वडील मुलाच्या, याच जंतूसाठीच्या शौचतपासणीचा अहवाल घेऊन आले. "पॉझिटिव्ह आहे, औषध द्या." मुलाचं पोट अधूनमधून दुखतं, वजन, रक्त, वाढ सगळं ठीक. औषध लिहायला एक मिनिट लागलं असतं. ते का लिहीत नाही, हे सांगायला वीस मिनिटं लागली.

५.३० : फोन
सकाळच्या मुलीच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलले. "रिकाम्या हाताने पाठवलं तर आईवडील नाराज होतात हो," ते म्हणाले. मी त्यांना बशीचा फोटो पाठवला. पुढच्या सर्दीला थांबून बघेन, असा शब्द त्यांनी दिला.

रात्री ९.०० : घर
फोनवर वहीच्या नव्या पानाचा फोटो आला. आखलेल्या २८ चौकटी, पहिलीत खूण. औषध संपल्यावर चार आठवड्यांनी श्वासाची चाचणी. ती तारीख मी माझ्या डायरीत लिहून ठेवली.